आजाऱ्याच्या घरचा चहा

आजाऱ्याला भेटायला जायचं तर चहा आपला आपण घेऊन जायचा, हा आईचा नियम. त्यासाठी तिच्याकडे लाल झाकणाचा एक भलाथोरला थर्मास होता. दर मंगळवारी संध्याकाळी आमच्या मंडळीतल्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, सात-आठ बायका कुणा ना कुणा आजाऱ्याच्या घरी प्रार्थनेला जात आणि त्यांची म्होरकी आई. सटाण्याकडच्या एका दवाखान्यात तिचा उभा जन्म नर्स म्हणून गेलेला, त्यामुळे आजाऱ्यांपेक्षा आजाऱ्यांच्या घरच्यांची नस तिला जास्त कळायची.

"ज्या घरात माणूस पडून असतं, त्या घरातली बाई उभ्या उभ्या झिजत असते," ती म्हणायची. "तिला आपल्यासाठी आधण ठेवायला लावायचं आणि मग डोळे मिटून देवाला म्हणायचं, हिचं ओझं हलकं कर. देव हसेल की नाही?"

प्रार्थना संपून सगळ्यांनी आमेन म्हटलं की ती थर्मासमधला चहा वाटायची, घरच्या बाईला पहिला. मग पदर खोचून सरळ मोरीत जायची आणि तिथली खरकटी भांडी घासून, पालथी घालूनच त्या घराचा निरोप घ्यायची. तरुणपणी मी दोन-तीनदा तिच्याबरोबर गेले होते. मला या प्रकाराची भयंकर लाज वाटायची. प्रार्थनेला बोलावलंय ना, मग लोकांच्या मोरीत कशाला शिरायचं, असं मी तिला रिक्षात बसल्या बसल्या सुनावलं होतं. ती नुसती हसली होती.

गेल्या वर्षी तिचा उजवा हात आणि पाय गेला, जीभ जड झाली. डोकं मात्र लख्ख. सगळं कळायचं, सगळं वाचायची, पण एका वेळी एक-दोन शब्दच बाहेर पडायचे आणि तेही फार खटपटीने. मी गंगापूर रोडवरच्या एका शाळेत गणित शिकवते. लग्न केलेलं नाही. भाऊ पुण्याला, त्याला दोन मुलं, नोकरी फिरतीची. तेव्हा आई माझ्याकडेच राहणार हे सगळ्यांनी गृहीत धरलं आणि सगळ्यांत आधी मी.

सकाळी मी शाळेत असताना एक बाई येऊन बसायची. दुपारी दोनला ती गेली की पुढचं सगळं माझ्याकडे. कूस बदलणं, पुसून घेणं, चादरी, पेज, गोळ्या. पहिले दोन महिने मी मोठ्या हौसेने केलं. लोक म्हणायचे, लेक असावी तर अशी, आणि मला ते आवडायचं. मग हौस फिटली आणि कामं तेवढी राहिली. माझा स्वभाव मुळात तापट. शाळेत मुलं मला काय म्हणतात ते मला ठाऊक आहे. एकदा आईने घास तोंडातून बाहेर काढला तर मी वाटी आपटली. वाटी घरंगळत तिच्या कॉटखाली गेली. ती काढायला मी गुडघ्यांवर बसून आत शिरले आणि तिथेच रडून घेतलं. आईला दिसू नये म्हणून बाहेर यायला जरा वेळच लावला.

बायका पहिल्या मंगळवारी आल्या त्या थर्मास घेऊनच. आईचाच थर्मास; ती आजारी पडल्यापासून तो पाळकबाईंकडे, म्हणजे आमच्या चर्चच्या पाद्रीसाहेबांच्या पत्नीकडे होता. मी तो त्यांच्या हातातून घेतला आणि वरच्या फळीवर ठेवून दिला.

"आमच्या घरातलं दूध-साखर अजून संपलेलं नाही हो," मी म्हटलं. हसत म्हटलं, पण म्हटलं.

तेव्हापासून दर मंगळवारी मी आठ कप चहा करायचे. बरोबर चिवडा, कधी केक, एकदा तर कांदाभजीसुद्धा तळली. घरात आजारी माणूस आहे म्हणून पाहुणचार आटला, असं कुणी म्हणायला नको. मी ट्रे फिरवत असताना आई कॉटवरून माझ्याकडे बघत राहायची आणि जिभेने च् च् करायची. मला वाटायचं, तिला भजी हवीत.

प्रार्थनेआधी प्रत्येकीने आपला विषय सांगायचा, पाळकबाई तो वहीत लिहून घेणार, अशी आमच्यात पद्धत आहे. कुणाचा मुलगा परीक्षेला बसलेला, कुणाचं ऑपरेशन. माझा विषय ठरलेला: आईसाठी प्रार्थना करा.

"आणि तुझ्यासाठी काही?" पाळकबाई न चुकता विचारायच्या.

"छे, माझं काय, मी बरी आहे," मीही न चुकता सांगायचे आणि चहाकडे वळायचे.

नाताळ महिन्यावर आला असताना भावाचा फोन आला. "ताई, इकडे एक ठिकाण बघितलंय. स्वच्छ आहे, चोवीस तास नर्स असते. तुझी ओढाताण मला बघवत नाही. फॉर्म पाठवतोय. तुझी आणि आईची सही लागेल. नाताळाच्या आत कळवायचंय." मी त्याच्यावर ओरडले. ओरडून झाल्यावर दुसऱ्या दिवशी शाळेजवळच्या दुकानातून फॉर्मची प्रिंट काढून आणली. माझा भाग भरला, सहीची जागा रिकामी ठेवली आणि तो घडी घालून माझ्या शास्त्राच्या, म्हणजे बायबलच्या, चेनच्या कव्हरमध्ये सरकवला. त्या दिवसांत माझं शास्त्र उघडलं जात नव्हतं. घरात लपवायला त्याहून सुरक्षित जागा नव्हती, हे लिहिताना आजही मान खाली जाते.

पुढच्या मंगळवारी पाळकबाई चष्मा विसरल्या. मी स्वयंपाकघरात चहा गाळत होते. "तुझं मोठ्या अक्षरांचं आहे ना, तेच घेते गं," असं काहीतरी ऐकू आलं आणि मी हो म्हटलं. चेन उघडल्याचा आवाज आला तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. ट्रे घेऊन धावत बाहेर येईपर्यंत कागद खाली पडला होता आणि तो आमच्यातल्या सर्वांत वयस्कर काकूंनी उचलला होता. या काकू मूळच्या सटाण्याकडच्या. दुकानाची पाटी असो की औषधाची बाटली, दिसेल ते मोठ्याने वाचायची त्यांची सवय.

"ज्येष्ठांच्या निवासासाठी प्रवेश अर्ज," काकूंनी वाचलं. मग त्यांनाच उमगलं आणि त्या थांबल्या.

मी ट्रे धरून तशीच उभी. आईने डावा हात पुढे केला. काकूंनी माझ्याकडे पाहिलं, मग कागद तिच्या हातात दिला. आईने तो पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. माझं अक्षर तिला ओळखता येतंच.

"पेन," ती म्हणाली.

"आई, तसं नाही गं..."

"पेन दे." मग खूप वेळ ओठ हलले आणि एकेक शब्द आला. "तू... दमलीस. जाते... मी."

तिच्या चेहऱ्यावर राग असता तर मला सोपं गेलं असतं, मीही चिडले असते. पण ती माझ्याकडे बघत होती ती दवाखान्यातल्या नर्ससारखी, आणि त्या खोलीत तिच्या मते आजारी होते ती मी. इतके मंगळवार ती तेच बघत आली होती.

मी ट्रे जमिनीवर ठेवला. "पाळकबाई, माझा विषय लिहून घ्या," मी म्हटलं. एकदा तोंड उघडल्यावर थांबता येईना. "मला जमत नाही. मला धड झोप नाही. रोज हिच्यावर राग येतो, आणि मग राग आल्याचा राग येतो. प्रार्थना करावीशी वाटत नाही. आणि मला हिला कुठेही पाठवायचं नाही. लिहा, सगळं लिहा."

पाळकबाईंनी काही लिहिलं नाही, वही मिटली. आईने पेनाचा नाद सोडून हात वर केला आणि फळीकडे बोट दाखवलं. तिथे लाल झाकण दिसत होतं.

सगळ्यांत आधी काकूंना कळलं. "अगं बायांनो, लाज वाटाया पाहिजे आपल्याला," त्या म्हणाल्या. "हिनं जन्मभर शिकवलं आपल्याला, अन् आपण हिच्याच लेकीच्या हातचा चहा पीत बसलो!" मग माझ्याकडे वळल्या. "अन् तू बी लय मानी हायेस. थर्मास घेऊन आलो व्हतो का नाय? फळीवर कोनी ठेवला?"

"मी," मी म्हटलं.

"मंग बस आता खाली."

मी बसले. ट्रेमधला पहिला कप कुणीतरी माझ्या हातात दिला. स्वतः केलेला चहा होता, तरी दुसऱ्याच्या हातून आला म्हणून त्याची चव निराळी लागली. आत मोरीत नळ सुटला, भांड्यांचा आवाज सुरू झाला, आणि मी रडत रडत चिवडा खाल्ला. एकमेकांची ओझी वाहण्याबद्दलचं बायबलमधलं वचन मी रविवारच्या शाळेत लहान मुलांकडून वर्षानुवर्षं पाठ करून घेतलंय. त्यात दुसऱ्याला आपलं ओझं उचलू द्यायचं असतं, ही अर्धी बाजू मात्र मी ऑप्शनला टाकली होती.

भावाला फोन करून सांगितलं, की सध्या नाही. जे आपल्या माणसाला तिकडे पाठवतात त्यांच्याबद्दल मी आता अवाक्षर काढत नाही; पुढेमागे आमच्यावरही ती वेळ येऊ शकते. पण आता तो महिन्यातून दोन दिवस येतो आणि त्या दोन दिवसांत आईची वेणीसुद्धा घालतो. वाकडी घालतो, पण घालतो. बायकांनी आपापसात दुपारी वाटून घेतल्या. फॉर्म आईने उशीखाली ठेवून घेतला होता. काही दिवसांनी मी पाहिलं तर त्याची घडी करून तिने औषधाच्या बाटलीखाली घातली होती, टेबलावर डाग पडू नये म्हणून.

त्या प्रसंगानंतरचा मंगळवार मला नीट आठवतो, खरं तर आठवत नाही. बायका थर्मास भरून आल्या. मी आईच्या पायथ्याशी बसले, डोळे मिटले. पाळकबाईंनी प्रार्थना सुरू केली. त्यांची प्रार्थना लांबते, हे सगळ्या मंडळीला माहीत आहे. आमच्यासाठी, आजाऱ्यांसाठी, कळवणच्या मंडळीच्या छपरासाठी, एवढं मी ऐकलं.

जाग आली तेव्हा दिवेलागण झाली होती. अंगावर शाल होती. बायका निघून गेल्या होत्या. आत डोकावून पाहिलं, ओट्यावर भांडी पालथी घातलेली. आई टक्क जागी होती, माझ्याकडे बघत.

"भांडी?" तिने विचारलं.

"घासून गेल्यात," मी म्हटलं. "आई, मला उठवलं का नाही गं? भर प्रार्थनेत झोपले मी."

तिने डाव्या हाताने लाल झाकणाचा थर्मास माझ्याकडे ढकलला. ओठांची पुष्कळ खटपट झाली, आणि मग ती हसून म्हणाली, "आमेन... तेवढं राहिलंय... तुझं."