अप्पांचं विमान

अहिरे अप्पा विमानाजवळ यायचे ते खिसे रिकामे करून. किल्ल्या, सुटे पैसे, पेन, बसचं तिकीट, सगळं दाराशी ठेवलेल्या एका स्टीलच्या डब्यात. आम्हालाही तेच करायला लावायचे. "आत काय पडलं तर ते तुम्हाला नाय सापडणार, पायलटला सापडंल." हे विमान कधीच उडणार नाही, तशी परवानगीच नाही, अशी मी आठवण करून दिली की म्हणायचे, "ते विमानाला माहीत नाय ना, सर."

लाकडी सांगाड्यावर कापड ताणलेलं ते दोन माणसांचं जुनं शिकाऊ विमान एका बंद शेडमध्ये कुजत पडलं होतं. आम्ही पाच-सहा हौशी मंडळी दर रविवारी गंगापूर रोडजवळ मित्राच्या द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये ते दुरुस्त करायचो. मी कॉलेजात शिकवणारा, ग्रुपचा सचिव, म्हणजे बोलण्यापुरता. अप्पा विमान कारखान्यातून निवृत्त झालेले फिटर, मूळचे सटाण्याकडचे. खरं काम येत होतं ते एकट्या त्यांना.

पंखाचं कापड शिवताना मी एकदा तीन टाके लांब घातले. अप्पांनी डोळे मिटून कापडावरून तळहात फिरवला आणि नेमके तिथेच थांबले. "घाई कसाले करस रे?" रागावले की त्यांच्या तोंडी अहिराणी यायची आणि मी 'सर'चा 'रे' व्हायचो.

"रंगाखाली झाकलं जाईल, अप्पा."

"मला दिसलं ना?"

सगळी ओळ उसवावी लागली. मी फुगून बसलो. चहाच्या वेळी त्यांनी डब्यातली अर्धी भाकर माझ्यापुढे सरकवली आणि विषय संपला.

दिवाळीच्या सुमारास इंजिन तयार झालं. अप्पांची एकच इच्छा होती, ते धडधडताना काकूंना दाखवायची. जन्मभर विमानाची कामं केली, पण कारखान्याच्या फाटकाच्या आत काकू कधी गेल्या नव्हत्या. "सर, येत्या रविवारी हिला घेऊन येतो. दोनच मिनिटं चालवू."

मी नको म्हणालो. पहिल्यांदा सुरू व्हायचं ते उद्घाटनाच्या कार्यक्रमातच, प्रमुख पाहुण्यांसमोर, फोटोग्राफरच्या साक्षीने. आपल्याकडे नारळ फुटल्याशिवाय काही सुरू झालंय का? अप्पा "बरं" म्हणाले.

पाहुण्यांची तारीख तीनदा पुढे गेली. आधी दौरा, मग घरचं लग्न, मग आचारसंहिता. इंजिन आखडू नये म्हणून अप्पा दर रविवारी पुढचा पंखा हाताने हळूहळू फिरवून ठेवायचे. मला मात्र पुन्हा एकदाही विचारलं नाही. त्यांनी काही मागितलं होतं हेच मी विसरून गेलो, आणि त्याची मला आज लाज वाटते.

फेब्रुवारीत एका सकाळी अप्पा अंघोळीला जाताना कोसळले ते गेलेच.

कार्यक्रम महिन्याभराने झाला. पाहुणे दीड तास उशिरा आले, नारळ फुटला, तिसऱ्या झटक्याला इंजिन सुरू झालं. काकूंना आम्ही पहिल्या रांगेत बसवलं होतं. आवाजासरशी त्यांनी डोक्यावरचा पदर घट्ट धरला आणि पंखा थांबेपर्यंत एकटक बघत राहिल्या. नंतर मी त्यांच्याजवळ गेलो.

"मला आणायचं म्हणत होते," त्या म्हणाल्या. "मी दर रविवारी विचारायची. तर म्हणायचे, एक पार्ट यायचा राहिलाय, सरांनी मागवलाय, आला की नेतो तुला. कधी आला हो तो?"

कुठलाही पार्ट यायचा राहिला नव्हता.

"मागच्याच आठवड्यात, काकू."

"थोडक्यात हुकलं मग," त्या म्हणाल्या आणि माझा चेहरा बघून माझीच समजूत काढायला लागल्या. "जाऊ द्या, सर. तुम्ही तरी काय करणार?"