ढोकी ते पुणे: एकेचाळीस चिनी शब्दांचा प्रवास

ढोकीत माझं फवारणी पंप दुरुस्तीचं दुकान आहे. पंप चीनचे, सोबतचं माहितीपत्रकही चिनीत. ते वाचता यावं म्हणून तीन वर्षं मोबाईलवर चिनी शिकलो. क्लास नाही, गुरुजी नाही. एकदा गिऱ्हाइकासमोर मोठ्यानं वाचत होतो, तर तो म्हणाला, "तुम्ही कायबी वाचा, इथं तपासणार कोण?" त्याच आठवड्यात एचएसकेच्या तिसऱ्या पातळीचा अर्ज भरला. चिनी ज्यांची मातृभाषा नाही, त्यांच्यासाठीची ही परीक्षा. केंद्र पुण्याला.

आदल्या दिवशी सकाळी लातूर-पुणे एसटी धरली. बसताना उजवी खिडकी बघा, ऊन डावीकडून येतं. येडशीला शेजारी बेंबळीच्या एक मावशी बसल्या, लेकीकडं निघालेल्या. परीक्षेच्या सहाशे शब्दांपैकी दोनशे दहांची कार्डं माझ्यापाशी होती. सुट्या भागांच्या खोक्यांचे पुठ्ठे कापून केलेली, पुढं चिनी अक्षर, मागं मराठी अर्थ. मावशींनी चष्मा लावून ती मागून घेतली. त्या अक्षर दाखवायच्या, मी अर्थ सांगायचो. बार्शी गेली, कुर्डुवाडी गेली, चुका दोनच. तरी मावशी मधूनच एखादं कार्ड मांडीवर वेगळं ठेवत होत्या.

टेंभुर्णीला गाडी वीस मिनिटं थांबली. भाकरी-चटणी घरूनच न्यावी, मी नेली होती. अर्धी भाकरी मावशींना दिली आणि उत्तर बरोबर असून ती कार्डं बाजूला का, ते विचारलं.

"जे येतंय ते तुम्ही हळू सांगता, दादा. हे समदं लई जोरात सांगितलंत."

मोजली. एकेचाळीस. प्रत्येक शब्द मी अंदाजानं ठोकला होता. स्वारगेटला मावशींनी त्या एकेचाळीस कार्डांचा गठ्ठा पिशवीतल्या दोऱ्यानं बांधून हातात दिला. म्हणाल्या, आज एवढंच करा. लॉजवर संध्याकाळी तेवढंच केलं.

प्रवेशपत्राची छापील प्रत, मूळ ओळखपत्र, २बी पेन्सिल आणि खोडरबर विसरू नका. आधी ऐकण्याचे प्रश्न, प्रत्येक दोनदा ऐकवतात. दुकानात मी पंप चालू असतानाच ऐकायचो. इथल्या शांततेत पहिले चार प्रश्न भांबावण्यातच गेले. पुढं वाचन आणि लेखनात गठ्ठ्यातले सात शब्द भेटले. सातही ओळखीचे निघाले.

निकाल महिन्यानं मोबाईलवर आला. तीनशेपैकी दोनशे चौदा. पास व्हायला एकशे ऐंशी लागतात. गठ्ठा अजून दुकानात टेबलावर आहे, दोरा मावशींचाच. घरी जाऊन बायकोला गुण सांगितले. मावशींचं बोलणं तिला परतल्या दिवशीच सांगितलं होतं.

कणीक मळता मळता तिनं वर बघितलं. "इतकं हळू सांगताय, म्हंजे खरंच पास झालात."