नवमीला घरात आलेलं हाड

आज घटाची माळ ओवताना झेंडूचा वास बोटांना लागला आणि माझ्या लेकीचं, सुमीचं, कॉलेजचं पहिलं वर्ष आठवलं. जनावरांच्या डॉक्टरकीला होती ती. नवमीला एका दिवसासाठी कवठ्याला घरी आली आणि पिशवीतून गाईच्या पायाचं हाड काढून बसली. दसरा झाला की लगेच तोंडी परीक्षा होती.

सासूबाई म्हणाल्या, "घट बसल्यात आन् घरात हाड? पोरीला शिकवलं म्हंजी असं व्हतंय."

सुमी हाड घेऊन गोठ्यात गेली. पुरण वाटायचं अर्धवट ठेवून मी चहा टाकला. चहा घेऊन गेले, तर ती गाईच्या पायावरून हात फिरवत नावं घोकत होती.

"आई, अभ्यासबी व्हईना आन् घरचंबी व्हईना. कॉलेज सोडून देऊ का?"

"संध्याकाळच्या एसटीनं जा. हितलं मी बघते," मी म्हणाले.

पिशवीत नैवेद्याच्या पोळ्या बांधल्या. त्यांच्याजवळ हाड कसं ठेवायचं? मग ते हाड पदराखाली धरून मी सुमीबरोबर स्टँडपर्यंत गेले. वाटेत देवळापुढं बायका बसल्या होत्या. मी पदर आणखी ओढून घेतला. हाड इतकं हलकं असेल असं वाटलं नव्हतं. एसटी आल्यावर ते सुमीच्या हातात दिलं.

घरी येऊन आधी अंघोळ केली, मगच दिव्यात तेल घातलं. आता सुमी दौंडला डॉक्टर आहे. तेव्हा मी नक्की कुणाला भीत होते, देवीला का सासूबाईंना, ते आज सांगता येत नाही.