दारापाशी अडीच फूट

चूक जावयानं केली. हे लिहिणारा आणि तो जावई एकच असल्यामुळे "चूक झाली" एवढं लिहून मोकळं होता आलं असतं. चुका आपोआप होतात असं मानणारे पुष्कळ लोक जगात आहेत. पण ज्यांच्या घरी ती झाली त्या सासऱ्यांनी "कुणाचं?" या एका प्रश्नावर एकतीस वर्षं नोकरी केली होती. तेव्हा मालकाचं नाव लिहिलेलं बरं. चूक: जावयाची. वार: मंगळवार. ठिकाण: दारातला बोळ.

सासरे बस डेपोत हरवलेल्या वस्तूंच्या खोलीत कारकून होते. गाडीत सापडलेली वस्तू कंडक्टरनं आणून दिली की तिला सुतळीनं पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधायची, चिठ्ठीवर तारीख, गाडी आणि वस्तूचं नाव लिहायचं, आणि नव्वद दिवस मालकाची वाट पाहायची. मग लिलाव. या नव्वदाचा त्यांनी इतका धोशा लावला होता की डेपोत त्यांचं खरं नाव फक्त पगारपत्रकाला माहीत होतं. बाकी सगळ्यांचे ते नव्वदराव.

त्यांचा आणखी एक नियम होता. मालकाला आपण होऊन वस्तू दाखवायची नाही. त्यानंच आधी वर्णन करायचं. "काळी पिशवी" म्हणणाऱ्याला ते पिशवीचा बंद विचारत, बंद सांगणाऱ्याला बंदाची गाठ. एकदा एक गृहस्थ कवळी मागायला आले, तेव्हा वर्णन ऐकून झाल्यावर नव्वदरावांनी ती पुढं केली आणि म्हणाले, "लावून दाखवा." गृहस्थ रागावले, पण रागावतानाच बोळक्या तोंडाच्या उच्चारांवरून खात्री पटली, आणि कवळी मिळाली.

निवृत्तीच्या आदल्या वर्षी एक माणूस एक्क्याण्णवाव्या दिवशी आला. वडिलांचा चष्मा हरवला होता. डाव्या काडीला दोरा गुंडाळलेला, काचेवर उजवीकडे चरा, चष्म्याच्या घरावर शाईचा डाग. विचारायच्या आत सगळं घडाघडा सांगितलं. चष्मा आदल्या दिवशी इतर चौदा चष्म्यांबरोबर लिलावात गेला होता. माणूस भांडला नाही. "एकच दिवस, साहेब," एवढंच म्हणाला आणि गेला. नव्वदरावांनी ही गोष्ट घरी एकदाच सांगितली, जेवताना, आणि नंतर पाणी मागितलं.

निवृत्त झाल्यावर त्यांनी घरी तीच खोली पुन्हा थाटली, फक्त नव्वद दिवसांची अट काढून टाकली. खोली नव्हती, म्हणून दारापासून बैठकीपर्यंतचा बोळ वापरला. घरी येणारा माणूस काही ना काही विसरतोच. प्लंबरचा पाना, शेजारणीचा डबा, कुरिअरवाल्याची टोपी, कुणाच्या तरी मुलाचा एकच सँडल, आणि छत्र्या. छत्री ही वस्तू विसरण्यासाठीच बनवलेली आहे असं त्यांचं मत होतं. प्रत्येकीला चिठ्ठी बांधून ते खुंटीला लावत; खुंट्या संपल्या तेव्हा भिंतीला टेकवून ठेवू लागले. मालकांना कळवायचा प्रश्नच नव्हता. कळवलं तर वर्णन कोण करणार?

"लोकांकडे पाहुणे चपला काढून आत येतात," सासूबाई म्हणायच्या. "आमच्याकडे येतात ते वस्तू जमा करून परत जातात."

याच बोळात तीन आठवड्यांपूर्वी सासूबाई पडल्या. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. आता शनिवारी दवाखान्यातून सुटका होती आणि चालायला वॉकर मिळाला होता. फिजिओथेरपीवाल्या मुलीनं सांगितलं, वॉकर वळवायला अडीच फूट मोकळी जागा हवी. बोळ साडेतीन फूट रुंद, त्यात एक फूट चपलांचं कपाट. उरलेल्या अडीच फुटांत त्रेचाळीस वस्तू. मुंगीनंही अंग चोरून जावं अशी परिस्थिती.

सासूबाईंनी खाटेवरूनच निर्वाणीचं सांगितलं. "हे बघा, वॉकर आत आला तर मी आत येईन. नाहीतर मी चालले लेकीकडे. तिथं लिफ्ट आहे, आणि दारात नुसतं पायपुसणं आहे."

"किती दिवस?" नव्वदरावांनी विचारलं.

"तुमच्या वस्तू राहतात तितके."

तर त्या मंगळवारी नव्वदराव दुपारचा डबा घेऊन दवाखान्यात गेले, आणि घर आवरायला जावई आला. जावयानं मोबाइलवर घर आवरण्याचे तीन व्हिडिओ पाहिले होते, म्हणजे तो तज्ज्ञच होता. व्हिडिओतल्या बाईनं सांगितलं होतं, आधी सारख्या वस्तू एकत्र करा आणि नुसता पसारा दिसतो तो काढून टाका. जावयाला सगळ्यांत जास्त पसारा दिसला तो लोंबणाऱ्या पुठ्ठ्यांचा. त्यानं कात्री घेतली आणि त्रेचाळीसच्या त्रेचाळीस चिठ्ठ्या कापल्या. नंतर छत्र्यांत छत्र्या, डब्यांत डबे, टोप्यांत टोप्या अशा सुरेख राशी लावल्या, फोटो काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकला. एक शहाणपण मात्र हातून झालं. चिठ्ठ्या त्यानं कचऱ्यात न टाकता बिस्किटांच्या डब्यात टाकल्या.

नव्वदराव परतले. दारातच उभे राहिले. चपला काढायचंही विसरले.

"छान," ते म्हणाले. मग एक पाना उचलला. "हा कुणाचा?"

"चिठ्ठी आहे ना बाबा, डब्यात." जावयानं बिस्किटांचा डबा पुढं केला.

"डब्यात बिस्किटं असतात, जावईबापू. चिठ्ठी वस्तूला असते."

"मग जुळवू की. चिठ्ठीवर लिहिलंय तुम्ही."

जुळवायला बसल्यावर घोडं कुठं पेंड खातंय ते कळलं. पाना एकच होता, तो लगेच जुळला. टोपी जुळली, सँडलही. पण चिठ्ठी वस्तूलाच बांधलेली असणार हे गृहीत धरून नव्वदरावांनी कधी फार वर्णन लिहिलं नव्हतं. अकरा चिठ्ठ्यांवर "छत्री, काळी" असं होतं आणि समोर अकरा छत्र्या होत्या. सगळ्या काळ्या.

जावई एकेक चिठ्ठी मोठ्यानं वाचत होता. "छत्री, काळी. मालक: खालच्या मजल्यावरचे मास्तर. छत्री, काळी. मालक: विमेवाला. छत्री, काळी. मालक: मी." तो थांबला. तारीख तीन आठवड्यांपूर्वीची होती. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, "खुंटी रिकामी नव्हती म्हणून भिंतीला टेकवली. हिचा पाय."

वाक्य तिथंच संपलं होतं.

नव्वदरावांनी हात पुढं केला, चिठ्ठी घेतली आणि खिशात ठेवली. "पुढची," ते म्हणाले. जावयानं पुढची वाचली.

बुधवार आणि गुरुवार मालक बोलावण्यात गेले. आयुष्यात पहिल्यांदाच नव्वदरावांनी आपण होऊन लोकांना फोन केले, पण वस्तूचं नाव फोनवर सांगायचं नाही हे ठरलेलं होतं. "तुमचं काहीतरी आमच्याकडे आहे. येऊन सांगा काय ते." लोक घाबरून आले. प्लंबर तर हात जोडूनच आला.

"काका, नळ पुन्हा गळतोय का?"

"नळ सोडा. तुमचं काय हरवलंय ते सांगा."

"माझं?" प्लंबरनं डोकं खाजवलं. "पाना असेल बहुतेक."

"बहुतेक चालत नाही."

"बरं, नक्की पाना. किती नंबरचा ते नका विचारू, कामाला जायचंय."

नंबर विचारलाच. बारा सांगितला, निघाला चौदा. जावयानं मागून एक बोट आणि मग चार बोटं दाखवली, आणि पाना मार्गी लागला. शेजारणीनं डब्याचं वर्णन झाकणावरच्या पोच्यासकट केलं, वर "सहा वर्षं माझ्या डब्यावर बसून होतात की हो!" असा आहेर दिला. कुणी म्हणालं, "ते होय? टाकून द्या." हे ऐकलं की नव्वदरावांचा चेहरा हलका होई. मालकानं टाकून द्या म्हटलं की टाकता येतं, तो नियमात बसणारा शेवट होता.

छत्र्यांचं मात्र काही होईना. मालक येत, "काळी" म्हणत आणि तिथंच अडत. खूण एकालाही सांगता आली नाही. खालचे मास्तर म्हणाले, "अहो, अकरा आहेत ना? द्या त्यातली कुठलीही."

"कुठलीही म्हणजे दुसऱ्याची," नव्वदराव म्हणाले. मास्तर तसेच परत गेले.

शुक्रवारी सकाळी बोळात चपलांचं कपाट आणि अकरा छत्र्या एवढंच उरलं. जावयानं टेप लावली. छत्र्यांच्या बाजूला पावणेदोन फूट.

"माळ्यावर टाकू?" जावई म्हणाला.

"माळ्यावर टाकलेली वस्तू सांभाळलेली नसते. लपवलेली असते." नव्वदरावांनी सदरा बदलला. "चला डेपोत."

डेपोतल्या खिडकीत आता एक बाई बसतात. नव्वदरावांनीच त्यांना काम शिकवलं होतं, आणि तेच नडलं. बाईंनी छत्र्यांचा भारा पाहिला, नव्वदरावांकडे पाहिलं. "साहेब, या कुठल्या गाडीत सापडल्या?"

"घरी."

"मग कशा घेऊ? गाडीत सापडलेलीच वस्तू घ्यायची. तुमचंच वाक्य आहे, भिंतीवर लावलंय मी."

खरंच लावलं होतं. नव्वदरावांनी ते पूर्ण वाचलं, मान हलवली आणि बाहेर येऊन समोर उभ्या असलेल्या गाडीत चढले. जावई भारा घेऊन मागं. दोन थांबे गेल्यावर छत्र्या मागच्या सीटवर ठेवून दोघं चोरासारखे उतरले. गाडी दहा पावलं गेली आणि करकचून थांबली.

"ओ आजोबा!" कंडक्टर दारात लोंबकळून ओरडला. "हे छत्र्यांचं दुकान कोण नेणार? उद्या डोकं विसराल!" आणि भारा त्यांच्या पायाशी येऊन पडला.

"एकतीस वर्षांत असा एक कंडक्टर मिळाला नाही मला," नव्वदराव म्हणाले. "आज बरा मिळाला."

दुसऱ्या गाडीत त्यांनी काम स्वतःकडे घेतलं. ज्या माणसानं जन्मभर दुसऱ्यांचं विसरणं मोजलं त्याला विसरायचं कसं हे शिकवावं लागत नाही. भारा सोडला. "विसरलेली वस्तू कधी मधोमध नसते," ते खालच्या आवाजात जावयाला म्हणाले. "एक खिडकी आणि सीटच्या फटीत. एक पुढच्या सीटच्या पाठीला टांगून. एक पायाखाली, चाकावरच्या उंचवट्याला टेकून." उतारू उतरत गेले तसे ते जागा बदलत गेले, आणि प्रत्येक जागी एक छत्री मागं राहिली. शेवटची त्यांनी बराच वेळ हातात धरली होती. तिच्या मुठीवरून अंगठा फिरवला.

"बाबा, यातली एक आपली आहे ना?" जावयानं विचारलं.

"सगळ्या काळ्याच आहेत," नव्वदराव म्हणाले, आणि ती दारामागच्या दांड्याला अडकवली. गाडी डेपोत शिरत होती.

अर्ध्या तासानं दोघं खिडकीशी गेले तेव्हा बाई अकराव्या पुठ्ठ्याला सुतळी ओवत होत्या.

"बघा साहेब, काय एकेक लोक असतात. एका गाडीत अकरा."

"असतात," नव्वदराव म्हणाले. "खूण काही?"

"कसली खूण? काळी, एवढंच लिहिलंय."

"मुठीवर बघत चला. लोकांच्या हातांच्या सवयी राहतात तिथं."

बाहेर पाऊस सुरू झाला होता आणि अकरा छत्र्या खिडकीच्या आत होत्या, नियमानं बांधलेल्या. बाईंनी टेबलाखालून स्वतःची काढून दिली: निळी, वर पिवळी फुलं. "सोमवारी आणून द्या पण. माझ्याकडे एकच आहे." सासरा आणि जावई फुलाफुलांच्या छत्रीखाली खांद्याला खांदा लावून घरी आले. मास्तरांनी गॅलरीतून पाहिलं आणि ते आत गेले.

शनिवारी सासूबाई आल्या. वॉकर आधी आत आला, मग त्या. टक, पाऊल, टक, पाऊल. कपाटाच्या कोपऱ्याशी, पडल्या होत्या तिथं, त्या थांबल्या. नव्वदराव त्यांच्या मागं, हात पुढं करून उभे होते, धरायला की नुसतेच, सांगता येणार नाही.

"कुठं गेलं सगळं?"

"ज्याचं त्याला."

"आणि छत्र्या?"

"विसरलो."

"तुम्ही?" सासूबाईंनी वळून बघायचा प्रयत्न केला. अडीच फुटांत वॉकर व्यवस्थित वळला. त्यांनी नवऱ्याकडे नीट पाहिलं, मग त्याच्या खिशातून डोकावणाऱ्या पुठ्ठ्याच्या कोपऱ्याकडे. "ते काय आहे?"

नव्वदरावांनी चिठ्ठी दिली. त्यांनी वाचली. "अक्षर बिघडलंय तुमचं," म्हणाल्या, आणि वॉकरच्या दांड्याभोवती चिठ्ठीची उरलेली सुतळी गुंडाळत राहिल्या. "चला आत. पाय दुखतोय."

आत जाता जाता त्यांचं खुंटीकडे लक्ष गेलंच. तिथं निळी छत्री होती. "ही कुणाची?"

"डेपोतल्या बाईंची. सोमवारी द्यायची आहे."

सोमवारी फिजिओथेरपीवाली मुलगी आली, मंगळवारी पाऊस होता, बुधवारी ऊन पडलं, आणि ऊन पडल्यावर छत्री कुणाला आठवते? तोवर छत्रीला चिठ्ठीही लागली होती. मध्ये बाईंचा फोन आला. "साहेब, माझी छत्री राहिलीय तुमच्याकडे."

"वर्णन?" नव्वदराव म्हणाले.

"अहो साहेब, मीच दिली की! निळी, पिवळ्या फुलांची."

"फुलं किती?"

बाई आठवून सांगते म्हणाल्या. आज एक्काहत्तरावा दिवस आहे. अजून त्यांचा फोन आलेला नाही.