बरडातलं टेकोडं आणि कवडूजींची पाजणी

कवडूजी पौनीकरांच्या दाराशी कोणी येऊन उभं राहिलं, की पूर्वी एकच प्रश्न असायचा, "कवडूजी हायेत का घरी?" मग इंग्रजी साल एकोणीसशे पंचवीस-सव्वीसच्या सुमाराला त्या प्रश्नातलं नाव बदललं. माणसं तीच, दार तेच, ओट्यावर बसलेले कवडूजीही तेच. पण येणारा त्यांच्या डोक्यावरून आत डोकावून विचारायचा, "देवकीबाई हायेत का?"

आणि कवडूजी कुठंही जायचं नसताना ओट्यावरून उठून चालू लागायचे.

आता कवडूजी म्हणजे काही ऐरागैरा माणूस नव्हे. तांडापेठेतल्या कोष्ट्यांच्या गल्लीत पाजणीला त्यांच्या तोडीचा हात नव्हता. पाजणी म्हणजे विणायच्या आधी सुताच्या ताण्याला, उभ्या धाग्यांना, खळ चढवायचं काम. वस्तीबाहेरच्या मोकळ्या जागेवर साठ-सत्तर हात लांब ताणा बांबूंवर पसरायचा, तांदळाची शिजवलेली खळ त्याला पाजायची, आणि दोन माणसांनी दोन बाजूंनी कुंचे घेऊन चालत चालत धागा न् धागा मोकळा करायचा. तेही ऊन चढायच्या आत. दोन धागे एकमेकांना चिकटून वाळले, तर मागावर बसणारा दिवसभर पाजणाऱ्याच्या नावानं बोटं मोडतो. कवडूजींच्या नावानं कोणी बोटं मोडल्याचं ऐकिवात नाही. एकदा उमरेडच्या एका कोष्ट्यानं मुद्दाम परीक्षा पाहिली. भर ताण्यात एक जोडी धागे चिकटवून ठेवले आणि आपण लांब जाऊन तंबाखू मळत बसला. कवडूजी कुंचा ओढत आले, थांबले नाहीत की वाकून पाहिलं नाही. चालता चालताच म्हणाले, "पाव्हणे, तुमची तंबाखू लागली ना गा इथं धाग्याले!" उमरेडवाला जो उठला, तो पायाच पडला.

असा हा माणूस. आणि त्याची बायको देवकी, कुहीकडच्या एका खेड्यातली. लग्न होऊन आली तेव्हा धड बोलायचीही नाही. चुलीपाशी खळ शिजवायची, विणायला सुताच्या कांड्या भरायची, बस्स. तिच्या अंगात काही कसब असेल असं कवडूजींना दहा वर्षांत वाटलं नव्हतं.

ते कळलं शेजारच्या बाबनरावांमुळे. बाबनराव उकिरड्यापाशी उगवलेली टोपलीभर पांढरी टेकोडी घेऊन आले. टेकोडी म्हणजे रानात आपोआप उगवतात त्या छत्र्या, अळंबी. ही चांगली ताटलीएवढी उघडलेली होती. त्यांच्या बायकोनं चिरून मडक्यात टाकली. देवकी तिच्याकडे विस्तव मागायला गेली होती. टोपलीत उरलेलं एक टेकोडं तिनं उचललं, उलटं केलं, छत्रीच्या पोटातल्या पापुद्र्यांवरची हिरवट झाक पाहिली, आणि चुलीवरचं मडकं उचलून गटारात उपडं केलं!

काय गहजब झाला! बाबनरावांची बायको कमरेला पदर खोचून उभी राहिली, "काहून वं? आमच्या घरच्या मडक्याले हात लावाले तू कोन?" देवकी एवढंच म्हणाली, "बाई, ज्याच्या पोटात हिरवं, ते आपल्या पोटात नाई घालावं." तेवढ्यात बाबनराव आतून पोट धरून बाहेर आले. मडकं शिजेपर्यंत धीर नव्हता म्हणून त्यांनी एक टेकोडं निखाऱ्यावर भाजून खाल्लं होतं. दोन दिवस ते अंगणातून हलले नाहीत आणि बायको पाण्याचे तांबे घेऊन धावत राहिली.

झालं! त्या दिवसापासून देवकीची देवकीबाई झाली. कोणाला काही उगवलेलं दिसो, टोपली यायची कवडूजींच्याच दारात. शिवाय एक टेकोडं तर असं होतं, की ते गल्लीत कोणी याआधी खाल्लंच नव्हतं. पाजणीचं मैदान होतं पाचपावलीच्या पलीकडे, निव्वळ बरडावर. मुरूम, गोटे, वारुळं. कुसळी गवतसुद्धा तिथं उपकार केल्यासारखं उगवायचं. पण उन्हाळ्यात एखादी सर शिंपडून गेली आणि पुन्हा आठ दिवस ऊन तापलं, की त्या बरडातून, वारुळांच्या अंगाखांद्यांवरून मिटलेल्या छत्रीसारखी पांढरी टेकोडी वर यायची. ही छत्री कधी उघडतच नाही. लांबट टोप, त्यावर खवले, आणि लाकडासारखा दांडा टोपाच्या शेंड्यापर्यंत आरपार गेलेला. कोष्टी वर्षानुवर्षं ती तुडवत पाजणी करत होते. "कुत्र्याच्या छत्र्या," म्हणायचे. देवकीनं ती आणली, निवडली, तेल-तिखटात परतली, आणि गल्लीनं बोटं चाटली.

एका कवडूजींनी सोडून. "मले नाई चालत असलं मातीतलं," म्हणून ते भाकरीशी कांदा फोडून खायचे. घरभर तो खमंग वास. ते कांदा चावत राहायचे, नाकपुड्या फुलत राहायच्या. एकदा देवकी विहिरीवर गेली असताना त्यांनी रिकाम्या कढईत भाकरीचा तुकडा फिरवला. चव इतकी झकास होती, की त्यांना रागच आला.

बाहेर तर विचारूच नका. न्हावी दाढी करता करता म्हणाला, "तुमच्या घरची बाई लय हुशार हाये हो." कवडूजी इतके वळले की वस्तरा लागला. इतवारीत एका लग्नात कोणीतरी त्यांची ओळख करून दिली, "हे त्या टेकोडेवाल्या देवकीबाईचे घरवाले." कवडूजींनी पंगतीतला बुंदीचा लाडू तसाच ठेवला. आणि ते लाडू टाकणारे नव्हते.

देवकीला विचारलं असतं, "कसं ओळखतं वं?" तर तिनं सांगितलं असतं. पण विचारायचं कसं? तीन हजार धाग्यांतला तुटका धागा ज्याला दिसतो, त्यानं चुलीपाशी जाऊन बायकोची शिकवणी लावायची?

त्या वर्षी ज्येष्ठात बाबनरावांच्या प्रेमलताचं लग्न होतं. लेकीचं लुगडं बाप स्वतः विणणार होता. सूत असं बारीक आणि पांढरं, की हातात घेतलं तर आहे की नाही कळू नये. त्याची पाजणी अर्थात कवडूजींकडे. त्याच दिवशी व्याही मंडळी जेवायला यायची होती, आणि बाबनरावांनी चारचौघांत ओट्यावर येऊन सांगितलं, "कवडूजी, पाजणी तुमी पाहा. अन् बरडातले टेकोडे देवकीबाईले आनाले सांगा. व्याह्यायनं खास निरोप धाडला हाये."

"तिले कायले?" कवडूजींच्या तोंडून निघून गेलं. "मीच तर जाऊन राहिलो तिथं. मी आनतो."

रुपराव, जो पाजणीला त्यांच्यासमोरच्या बाजूनं चालायचा, मिशीतल्या मिशीत हसला. "तुमाले ओळखू येते का गा?"

"पंधरा वर्सं झाले त्या बरडावर चालून राहिलो. बाई दोन वर्सांची शाहनी, अन् मी का आंधळा? उद्या पाहा. एक जरी खोटं निघालं, तर मले पाजनीले बोलावू नका!"

बोलून बसले. आता मागे फिरायला वाट नव्हती. आत देवकीनं सगळं ऐकलं होतं. ती खळीचे तांदूळ निवडत होती, तशीच निवडत राहिली. जेवताना फक्त म्हणाली, "अवो, सांगू का काही?"

"काही नको सांगू."

दुसऱ्या दिवशी उजाडताच कवडूजी सगळ्यांच्या आधी बरडावर हजर. टेकोडी तर अशी उगवली होती, की जणू कोणी पेरून ठेवली. कवडूजींनी आधी छत्री मिटलेली पाहिली. मग दांडा आरपार आहे का पाहिला. हे सगळं त्यांनी देवकीच्या पाठीमागून चोरून पाहून ठेवलं होतं. पण चांगलं कोणतं, वाईट कोणतं? तिथं त्यांनी आपली अक्कल चालवली. आणि अक्कल कोष्ट्याचीच! कोष्टी सुताची लडी घेताना काय करतो? तळहातावर तोलतो. जड लागली की समजतो, व्यापाऱ्यानं पाणी मारलं. हलकी, कोरडी, पांढरीशुभ्र तीच अस्सल. कवडूजींनी एकेक टेकोडं तसंच तोललं. जड, टणक होती ती "ओली दिसते" म्हणून फेकली. पिसासारखी हलकी, कागदासारखी कोरडी अशी अकरा निवडली, उपरण्यात बांधली, गाठोडं पाठीवर टाकलं आणि मोठ्या ऐटीत कुंचा उचलला.

बाकीचे आले. ताणा पसरला, खळ पाजली. उन्हाची पहिली तिरीप पडली तेव्हा ते पांढरं सूत असं चमकत होतं की बाबनरावांच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी. एका बाजूनं रुपराव, एका बाजूनं कवडूजी. "गाठोडं ठेवा ना गा खाली," रुपराव म्हणाला. "मुंग्या लागते," कवडूजी म्हणाले. खरं म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याला ते दिसायला हवं होतं.

मध्यावर आले. एक धागा चिकटला होता. कवडूजी वाकले, गाठोडं पाठीवरून पुढे घसरलं, ताण्याच्या बांबूवर आपटलं, आणि आतली टेकोडी फुटली. आणि फुटली ती अशी, की चुलीतली राख उडावी तसा काळपट भुकटीचा लोट उपरण्यातून निघाला आणि ओल्या, पांढऱ्या, लग्नाच्या ताण्यावर अलगद जाऊन बसला.

बाबनराव ओरडले, "अरे बाप्पा! माह्या पोरीचं लुगडं!" आणि हातानं पुसायला धावले.

"हात नोको लावू!" कवडूजी गरजले. त्या क्षणी ते पुन्हा पाजणीचे कवडूजी होते. "पुसलं का मुरते. पानी आना. वरून सोडा, धार धरून." घागरी धावल्या. वरून वरून पाणी सोडून भुकटी वाहवली. बरंच गेलं, पण हातभर पट्ट्यावर धुरकट झाक राहिलीच.

देवकी खळीचं दुसरं भांडं डोक्यावर घेऊन पोहोचली ती याच वेळी. गल्लीच्या गल्ली तिच्याकडे वळली. रुपरावनं उपरण्यातलं एक फुटकं टेकोडं तिच्यापुढे धरलं. "देवकीबाई, सांगा आता, हे काय हाये?"

कवडूजी ताण्याकडे पाहत उभे. पाजणी जाणार, नाव जाणार, आणि घेऊन जाणार कोण, तर घरचंच माणूस.

देवकीनं टेकोडं उलटसुलट केलं. "बरडातलंच हाये," ती म्हणाली. "यांची ओळख बराबर हाये. खोटं नाई एकबी. फक्त म्हातारं झालं."

लोक हसले, पण मोकळं हसले. बाबनरावही कपाळाला हात लावून हसले. कवडूजींना मात्र त्या हसण्यापेक्षा तिचं बोलणं झोंबलं. तिनं खोटं पाडलं असतं तर भांडता तरी आलं असतं. हिनं तर सगळ्यांदेखत वाचवलं!

"तो पट्टा निऱ्यांत आत जाईन," त्यांनी बाबनरावांना सांगितलं. "बाहेरून दिसनार नाई. अन् आजच पुन्हा पाजून देतो. अख्खा." रुपराव मात्र कुंचा खाली ठेवून सावलीत बसला होता, हसून हसून त्याला उचकी लागली होती. दुसरी बाजू धरायला कोणी नव्हतं आणि ऊन चढत होतं. देवकीनं भांडं खाली ठेवलं, पदर खोचला आणि रुपरावचा कुंचा उचलला.

दोघं चालू लागले. मध्ये तीन हजार धागे. एक फेरी झाली, दुसरी झाली. तिसऱ्या फेरीला कवडूजी ताण्याकडेच पाहत पुटपुटले, "कसं ओळखतं वं?"

"काय?"

"म्हातारं. बाहेरून तर सारखंच दिसते."

"हातात तोलतो मी," देवकी म्हणाली. "जड असन तर घेतो, हलकं असन तर फेकतो. मंग सुताचा धागा ओढून उभं चिरतो. आत खोबऱ्यावानी पांढरं पाह्यजे, शेंड्यापासून बुडापर्यंत. जराक पिवळी रेघ दिसली का टाकून देतो. अन् शंका आली तरी टाकतो, मंग भूक किती का असेना."

कवडूजी थांबले. "जड ते चांगलं?"

"हाव."

"मी हलके उचलले. सुतावानी."

देवकी तोंडाला पदर लावून हसली, पण कुंचा थांबू दिला नाही. आणि तेव्हा कवडूजींचं तिच्या हाताकडे लक्ष गेलं. मनगट सैल, ओढ सारखी, कुंचा धाग्यावर टेकतोय न टेकतोय. इतकी वर्षं खळ पोचवताना उभ्या उभ्या पाहून शिकली असणार. रुपरावच्या बापालाही असा हात नव्हता.

कवडूजींनी चालायचा वेग वाढवला. तिनंही वाढवला.

ताणा वाळला, तेव्हा बाबनरावांनी टोकापासून टोकापर्यंत बोट फिरवलं. देवकीच्या बाजूला येऊन ते थांबले, पुन्हा फिरवलं. "कवडूजी, काय हात हाये! ही बाजू तर आणखीच मोकळी. ही तुमची ना?"

देवकी भांडी गोळा करत होती. तिनं वर पाहिलं नाही. 'हो' म्हणायला एक क्षण पुरला असता. कवडूजींच्या तोंडात शब्द आलाही होता, तो त्यांनी गिळला.

"तिची," ते म्हणाले, आणि तंबाखूची चंची काढायच्या निमित्तानं पाठ फिरवली.

मंडळी पांगली. देवकी घरी रांधायला गेली. जाताना तिनं त्यांनी फेकलेली जड टेकोडी ओटीत वेचून नेली, व्याह्यांचं जेवण त्यांवरच झालं. ताणा गुंडाळायच्या आधी कवडूजी एकटेच देवकीच्या बाजूनं चालत गेले. वाकले नाहीत, थांबले नाहीत, फक्त बोटांनी चाचपत गेले. साठ हातांत एके ठिकाणी, अगदी शेवटाकडे, दोन धागे एकमेकांना चिकटलेले सापडले. त्यांनी ते नखानं हळूच मोकळे केले, कोणाला काही सांगितलं नाही, आणि त्या दिवशी पहिल्यांदा देवकीच्या हातचं टेकोडं दोनदा मागून खाल्लं.