वरून बंद कॅबिनेट

चंद्रपूरच्या कॉम्प्युटरच्या दुकानात मी रोज दुसऱ्यांसाठी कॅबिनेट निवडून देते. घरासाठी निवडायची वेळ आली तेव्हा मात्र ठरवता येईना.

भाऊंनी, म्हणजे दुकानाच्या मालकांनी, जुना मदरबोर्ड, हार्ड डिस्क, सगळं काढून दिलं. "ने बहिणीले. फक्त डब्बा नीट पाहून घे." आठवीतून सुटलेल्या माझ्यासारख्या पोरीला या माणसानं पेचकस धरायला शिकवलं, आणखी किती घ्यायचं? पण घेतलं. धानोऱ्याच्या पुढं आमचं गाव. तिथून दर वर्षी बाया जीप भरून तेलंगणात मिरची तोडायला जातात. माझी शाळा त्या जीपपायीच सुटली. धाकटीनं घरी बसून लोकांचे ऑनलाइन दाखले काढले, तर तिचं कॉलेज वाचणार होतं.

दोन डब्बे पुढ्यात होते. एक काचेचा, रंगीत लाइटवाला, वरून सगळी जाळी. गरम हवा वरच्या वर निघून जाते, आमच्याकडच्या उन्हाळ्याला हाच बरा. दुसरा साधा पत्र्याचा, वरून बंद, मागं एकच फॅन, आत हात घातला की कडांनी बोटं सोलणारा. मी काचेवाला उचलला.

"तुमच्या घरी छप्पर कायचं हाय?" भाऊंनी विचारलं.

"कवेलूचं. खाली बांबू."

कौलांखालच्या बांबूंना कीड लागलेली. पिवळा भुसा सारखा गळतो, आई वाढलेल्या ताटावरही ताट झाकते.

"मंग जाळीवाला काऊन नेतं? भुसा आत पडन, अन् पाल संसार थाटन."

मी पत्र्याचा नेला. सारवलेल्या जमिनीवर दोन विटा मांडून त्यावर ठेवला. चालू असताना कापड टाकू नको, आईला बजावलं. होळीपर्यंत नीट चालला. मग ऊन चढलं.

"ताई, दुपारी आपोआप बंद पडून राह्यला," बहिणीचा फोन आला.

"भिंतीपासून दूर ठेव. मागची जाळी पूस."

"केलं सारं. लोकं बसतात अन् वापस जातात."

भाऊ म्हणाले, समोरून एक फॅन बसव, जागा आहे. त्यांनीच तो काढून दिला. सुट्टीला जाईन म्हणून मी पिशवीत ठेवला. त्याआधीच फोन आला.

"आई गेली मिरचीच्या जीपमधी."

"आई? तिचे गुडघे..."

"मीच निघाली होती. ती चढून बसली. म्हणे, डब्ब्यापाशी कोणी तं राह्यले पाह्यजे, मले तो चालवता येत नाई."

सुट्टीला गेले. फॅन बसवला. भर दुपारी आम्ही दोघी समोर बसून राहिलो, डब्बा बंद पडला नाही. वरच्या पत्र्यावर हात ठेवून पाहिला. कोमट होता. भुसा मात्र बोटांना लागला.

आईला सांगायला फोन लावला. लागला नाही.