आबाजींचा रिलीव्हर

चाकणच्या एका कंपनीच्या फर्स्ट-एड रूममध्ये कामगारांची कापलेली बोटं बांधता बांधता जयमालाबाईंची नोकरी संपली, आणि निवृत्तीनंतर त्यांनी पदव्युत्तर अभ्यासक्रमाला नाव घातलं. विषय: स्मृतिभ्रंश झालेल्यांची व्यक्तिकेंद्री शुश्रूषा. लेक कॅनडात, नवरा फोटोत. काळेवाडीच्या दोन खोल्यांत टीव्हीशी बोलण्यापेक्षा पुस्तकाशी बोललेलं बरं, एवढंच कारण. शेजारणीने "आता कशाला हो?" असं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता दार लावून घेतलं.

प्रात्यक्षिकासाठी त्यांना चिंचवडचं एक वृद्धसेवा केंद्र मिळालं. केंद्राने त्यांना आबाजी दिले, कारण आबाजी दुसऱ्या कोणाला नको होते.

आबाजींचं आयुष्य कारखान्यात लेथ मशीनवर गेलेलं. दिवसभर माणूस शांत. दुपारचा चहा झाला की मात्र उठत आणि व्हरांड्यातल्या वॉशिंग मशीनपाशी जाऊन उभे राहत, ते अंधार पडेपर्यंत. पाय सुजत. हलवायला गेलं की हात उगारत. एकदा तिथेच पडले.

"सोमवारपासून दुपारी त्यांना खुर्चीत सपोर्ट द्या," केंद्राच्या प्रमुख मंजुषा मॅडम म्हणाल्या. सपोर्ट म्हणजे ओढणीने बांधणं. केंद्रात शब्द फार जपून वापरत.

"सोमवारपर्यंत मला बघू द्या," जयमालाबाई म्हणाल्या.

परदेशात कुठल्याशा केंद्राने अंगणात खोटा बसथांबा उभारला आणि घरी जायचं म्हणणारे म्हातारे तिथे निवांत बसू लागले, असं पुस्तकात होतं. बाईंनी फाटकाजवळ बाक मांडला, वर 'कंपनी बस' अशी पाटी लावली. आबाजींनी पाटी वाचली आणि त्यांचा चेहराच उतरला.

"चला आबा, बस सुटेल."

"सुटू दे. मशीन चालू हाय न्हवं? रोहिदास कुठं आलाय अजून?" असं म्हणत ते लगबगीने व्हरांड्यात परतले.

बाईंनी आबाजींच्या मुलाला, शेखरला, फोन लावला. "रोहिदासकाका? बाबांच्या मशीनवर दुसऱ्या शिफ्टला यायचे," तो म्हणाला. "वारले ते. बाबांना सांगू नका हं."

बाई त्या बाकावर बसून राहिल्या. बोटाला चिंधी गुंडाळलेले त्यांचे पेशंट आठवले. शिफ्ट संपता संपता लागलं, तर मशीन पुढच्या माणसाच्या ताब्यात देऊनच यायचे. "आधी का नाही आलात?" म्हणून त्या ओरडायच्या. "रिलीव्हर आला नव्हता," हे उत्तर त्यांनी नोकरीभर ऐकलं होतं. आबाजींना घरी जायचं होतंच. फक्त मशीन सोडून जाता येत नव्हतं.

रविवारी चहानंतर त्या मशीनपाशी गेल्या. "आबा, मी आले. रिलीव्हर."

आबाजींनी त्यांना खालीवर न्याहाळलं. "आन रोहिदास?"

"सुट्टीवर आहे." खोटं बोलू नये, असं पुस्तकात एक अख्खं प्रकरण होतं.

"बाईमाणूस धाडलंय. बुडाली कंपनी." मग त्यांनी मशीनवर हात ठेवला. "आवाज बदलला की बंद कर. साहेब काय बी म्हनू दे." हात सदऱ्याला पुसत ते खोलीत गेले आणि गाढ झोपले.

सोमवारी ओढणी दोरीवर वाळतच राहिली. बाईंचा प्रकल्प 'संदर्भ अपुरे' या शेऱ्यासह पास झाला आणि प्रात्यक्षिक संपलं. केंद्रातल्या आयांनी रिलीव्हर होऊन पाहिलं. आबाजींनी एकीलाही मशीन दिलं नाही. "हिला ट्रेनिंग कुनी दिलं?" म्हणून परत पाठवलं. म्हणून बाई अजूनही रोज दुपारी काळेवाडीहून येतात. दिवाळीतही आल्या. घरी कोणी खोळंबणार नव्हतं, हे त्यातल्या त्यात सोयीचं.

आबाजी त्यांचं नाव कधी विचारत नाहीत. परवा मशीन देऊन निघाले आणि दारात थबकले.

"बाई, जेवलीस का?"

"नाही अजून."

"जेवून यायचं व्हतं. आता शिफ्ट सुटस्तवर जागा सोडता येत न्हाई."

"बरं," बाई म्हणाल्या. आबाजी आत जाऊन झोपले, तरी त्या बराच वेळ मशीनपाशी उभ्या राहिल्या.